तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे

पाचापैकी दीड. कणकवलीच्या बाजारपेठेत उभं राहिलं की या मोबाईल कंपनीचं इंटरनेट खरोखर पळतं, त्यासाठी एक पूर्ण तारा. वरचा अर्धा त्याच बाजारपेठेतल्या त्यांच्या दुकानात काउंटरवर बसणाऱ्या मुलीला. तिच्याबद्दल पुढे लिहितो. कंपनीचं नाव मात्र लिहीत नाही. मोबाईलच्या खाजगी कंपन्या देशात उरल्यात तीन आणि चौथी सरकारी; एकीचं नाव घेतलं की बाकीच्या तिघींचे ग्राहक म्हणणार, आमचं तरी कुठे वेगळं आहे. शिवाय माझं भांडण एका टॉवरवरून आहे, आणि त्याहून जास्त, त्या टॉवरच्या तक्रारीचं कंपनीने जे केलं त्यावरून.

मी आंबेवाला. देवगड तालुक्यात, समुद्रापासून आत, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, उतारावर आमची वाडी. वडिलांनी कातळात सुरुंग लावून खड्डे केले, बाहेरून माती आणून भरली आणि कलमं लावली. त्यातली बहुतेक अजून धरतात. पूर्वी सगळा माल वाशीला जायचा आणि दलालाची पट्टी हातात आली की कळायचं, यंदा कमावलं की नुसतेच राबलो. आता निम्म्याहून जास्त पेट्या मी थेट गिऱ्हाइकाला देतो. पुणे, ठाणे, नाशिक, थोडं कोल्हापूर. म्हणजे मार्चअखेरपासून मेअखेरपर्यंत माझं दुकान म्हणजे माझा फोन. ऑर्डर व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयवर, आणि रात्री ट्रान्सपोर्टचा ड्रायव्हर तिठ्यावर गाडी लावून फोन करतो तेव्हा पेट्या घेऊन धावायचं. नंबर पेटीच्या झाकणावर छापलेला आहे.

वाडीत या कंपनीची रेंज पहिल्यापासून बरी, म्हणून तर जवळजवळ सगळी वाडी त्यांच्याकडे. २०२५ च्या हंगामात मात्र वेगळंच सुरू झालं. लाईट गेली की रेंज जायला लागली. पूर्वी लाईट गेली तरी टॉवर तासन्‌तास चालायचा. आता घरातला पंखा थांबला की पाठोपाठ फोनवरच्या काड्या उतरायच्या. लाईट आली की थोड्या वेळाने काड्या परत. कोकणात एप्रिल-मेमध्ये लाईट किती वेळा जाते हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्यात त्या वर्षी मे महिन्यातच पावसाने झोडपायला सुरुवात केली, आणि २५ मेला तर मान्सून देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर करून टाकलं. अशा पावसात तारांवर फांद्या पडणारच. महावितरणची माणसं भिजत खांबावर चढतात ते मी बघतो, त्यांच्यावर माझा राग नाही. लाईट जाणार हे धरूनच टॉवरखाली बॅटऱ्या ठेवलेल्या असतात ना? मग त्या कुठे गेल्या, एवढाच माझा प्रश्न होता.

आईने या प्रकाराचा अंदाज माझ्याआधी बांधला. दिवा विझला की माजघरातून आवाज यायचा, "लाईट गेली मा? मगे तुझो फोन पण गेलो." कंपनीच्या एकाही माणसाला हे एवढं साधं वाक्य शेवटपर्यंत समजलं नाही.

शहरातल्या माणसाला वाटेल, दोन-चार तास फोन लागला नाही तर काय बिघडलं. आंब्यात बिघडतं. झाडावरून उतरवलेला आंबा अढीत घातला की तो आपल्या गतीने पिकतो, तो कस्टमर केअरसाठी थांबत नाही. एका रात्री ट्रान्सपोर्टचा ड्रायव्हर तिठ्यावर येऊन फोन लावत बसला, माझा फोन "संपर्क क्षेत्राबाहेर". त्याला पुढे पेट्या उचलायच्या होत्या, तो गेला. माझ्या भरलेल्या पेट्या पडवीत राहिल्या. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेल्या तेव्हा त्यातल्या काही गिऱ्हाइकाच्या दारात जास्तच पिवळ्या होऊन उतरल्या. त्याचे पैसे मी सोडले. ते सोडावेच लागतात.

पण पैशापेक्षा वाईट दुसरंच झालं. अक्षय तृतीयेच्या आधी पुण्यातल्या एका बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे ऑर्डर दिली आणि आगाऊ पैसे पाठवले. त्यांनी पैसे पाठवले, आमच्याकडची लाईट गेली. पैसे मिळाल्याचा निरोप नाही, व्हॉट्सॲपवर एकच टिक, फोन लावला तर लागत नाही. संध्याकाळ गेली, रात्र गेली. देवगडच्या नावाने कुठला आंबा विकला जातो हे सगळ्यांना माहीत आहे; कर्नाटकातला माल देवगडच्या पेटीत भरून विकणारे शहराच्या प्रत्येक चौकात आहेत. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तरी ते दुकान उठलेलं नाही. तेव्हा पैसे घेऊन फोन बंद करणारा आंबेवाला म्हटल्यावर त्या बाईंनी काय समजावं? त्यांनी आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, या नंबरपासून सावध राहा. खाली माझा नंबर. सकाळी लाईट आल्यावर मी फोन केला, समजूत घातली, पेटी वेळेत पोचली, आंबा उत्तम निघाला, त्यांनी तो निरोप काढून टाकला. पण त्या सोसायटीतून दुसरी ऑर्डर आली नाही. त्या बाईंच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

आता कस्टमर केअर, म्हणजे १९८ नंबर. त्यांना फोन करायला आधी रेंज लागते, म्हणजे सड्यावर चढायचं. वर उघड्यावर कुठल्यातरी लांबच्या टॉवरची एखादी काडी मिळते. तिथे उन्हात उभं राहून ते रेकॉर्ड केलेलं बाईचं बोलणं ऐकायचं. मराठीसाठी अमुक दाबा. दाबलं. नवीन योजनेसाठी तमुक दाबा. नाही दाबलं. तुमच्या आवडीची कॉलरट्यून लावण्यासाठी... असं करत करत माणसाचा आवाज येतो आणि तो हिंदी बोलतो. मराठीचं बटण कशाला ठेवलंय ते मला कळलेलं नाही.

"सर, एक बार हँडसेट रीस्टार्ट करके देखिए."

मी म्हटलं, केला.

"सिम निकालकर दूसरे फोन में डालकर देखिए."

मी म्हटलं, अहो, अख्ख्या वाडीचे फोन एकाच मिनिटाला बंद पडतात आणि एकाच मिनिटाला सुरू होतात. सगळ्यांची सिम कशी खराब होतील?

"सर, बाकी लोगों को अपने-अपने नंबर से कंप्लेंट करनी होगी."

मग पिनकोड. तो दिला. मग लँडमार्क. मी म्हटलं, रवळनाथाचं देऊळ. पलीकडे शांतता. "रवि... सर?" मी अक्षरं फोड करून सांगितली. मग मी त्याला मूळ मुद्दा सांगितला: लाईट गेली की रेंज जाते, टॉवरच्या बॅटऱ्या बघायला माणूस पाठवा. हे कुठे लिहायचं हे त्याला सापडेना. त्याच्यापुढच्या फॉर्मवर घरात रेंज नाही, इंटरनेट हळू, कॉल मध्येच तुटतो, असे पर्याय असावेत. रोगाचं नाव सांगणारा रोगी त्या फॉर्मने धरलेलाच नव्हता. शेवटी त्याने "घरात रेंज नाही" यावर खूण केली आणि सल्ला दिला की आमचं ब्रॉडबँड घ्या, वायफायवरून कॉल होतील. मी विचारलं, आमच्या पिनकोडला देता का? त्याने तपासलं. देत नाहीत. (देत असते तरी लाईट गेल्यावर वायफाय कशावर चाललं असतं, हे त्याला विचारायचं राहून गेलं.)

तक्रार नोंदली की डॉकेट नंबर येतो. तो येणं तुमचा हक्क आहे, आणि तो जपून ठेवायचा असतो. इथपर्यंत सगळं शिस्तीत. पुढची गंमत अशी की एक-दोन दिवसांत एसेमेस यायचा: तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. आता हा एसेमेस माझ्या फोनवर कधी येणार? रेंज असेल तेव्हाच. म्हणजे लाईट आली, टॉवर उठला, अडकलेले सगळे निरोप धाडधाड उतरले आणि त्यात हाही उतरला. कंपनीच्या दृष्टीने निरोप पोचला, म्हणजे रेंज आहे, म्हणजे तक्रार सुटली. मी परत नोंदवली, ती परत सुटली. एकदा तर दोन निरोप एकापाठोपाठ एक आले. पहिल्यात लिहिलं होतं की तुमच्या तक्रारीसंदर्भात आम्ही आपल्याशी संपर्क करण्याचा प्रयत्न केला, परंतु आपला नंबर संपर्क क्षेत्राबाहेर होता. दुसऱ्यात, त्यामुळे आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.

मी तो निरोप आईला वाचून दाखवला. ती काजू फोडत होती. तिने विळीवरचा हात थांबवून विचारलं, "मगे तक्रार कसली केल्लं तू?"

हेच तर. माझा फोन लागत नाही अशी माझी तक्रार, आणि माझा फोन लागला नाही म्हणून ती बंद. यात कोणाचा दुष्टपणा आहे असं मला वाटत नाही. त्या पोराला दिवसाला अमुक तक्रारी मिटवायच्या असणार, ज्याचा फोन लागत नाही त्याची मिटवणं सगळ्यात सोपं. पण अशा रीतीने कंपनीच्या दप्तरी आमच्या वाडीत तक्रारच शिल्लक राहत नाही. वरच्या साहेबाने सिंधुदुर्गाचा तक्ता उघडला तर त्याला सगळीकडे हिरवं दिसणार.

खरं उत्तर मला कंपनीकडून मिळालंच नाही. ते मिळालं टॉवरपाशी. सड्यावर, वाडीपासून चढून गेलं की तारेच्या कुंपणात तो उभा आहे. खाली सिमेंटच्या चौथऱ्यावर दोन-तीन पत्र्याची कपाटं, एक गंजलेला जनरेटर, आणि फाटकावर एक पाटी. पाटीवर आणीबाणीसाठी फोन नंबर, त्यातले शेवटचे आकडे उन्हाने उडालेले. कुंपणात गवत कमरेएवढं. एकदा सकाळी तिथे पिकअप उभी दिसली म्हणून मी वर गेलो. एक माणूस कॅनमधून डिझेल ओतत होता, बोलण्यावरून घाटावरचा. मी म्हटलं, दादा, तुम्ही कंपनीचे का? तो हसला. "नाही ओ, आम्ही टॉवरवाले. कंपन्या वेगळ्या, त्या इथं भाड्यानं."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही त्या दिवसापर्यंत हे नीट माहीत नव्हतं: बऱ्याच टॉवरची मालकी मोबाईल कंपनीकडे नसते. टॉवर उभा करणारी, वीज, बॅटरी, डिझेल सांभाळणारी कंपनी निराळी. मोबाईल कंपन्या त्यावर आपली यंत्रं लावतात आणि भाडं देतात. त्याने कपाट उघडून दाखवलं. बॅटऱ्यांची रांग होती, त्यातल्या काहींच्या टोकांवर पांढरी बुरशी चढलेली. "या गेल्यात. लाईट गेली की दहा-पंधरा मिनिटं धरतात. मग जनरेटर आपोआप चालू व्हायला पाहिजे, ते ऑटो बंद पडलंय. मी आलो की हातानं चालू करतो. मी रोज कुठं येतोय?" मी विचारलं, हे वर कळवलंय का? त्याने फोन काढून दाखवला, ॲपवर फोटोसकट कळवलेलं होतं, आणि एकदा नव्हे. कोणत्याही तक्रार केंद्रापेक्षा त्या माणसाने दोन मिनिटांत जास्त सांगितलं. तेही विचारल्याबरोबर, काही न दाबता.

म्हणजे दुरुस्ती काय करायची हे टॉवरवाल्याला माहीत, बिघाड काय आहे हे ग्राहकाला माहीत, आणि मध्ये जी कंपनी माझ्याकडून पैसे घेते तिच्या फॉर्मवर दोघांनाही जागा नाही. माझा करार टॉवरवाल्याशी नाही. मी रिचार्ज मारतो तो मोबाईल कंपनीचा. बॅटरी कोणाची हे त्यांनी आपसात बघावं.

रिचार्जवरून आठवलं. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात तेरा रिचार्ज होतात, हे आता पोरंही सांगतात. २०२४ च्या जुलैमध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी दर वाढवले ते सगळ्यांच्या खिशाला लागले. रेंज गेली म्हणून वैधता थांबत नाही. ती लाईट नसतानाही घड्याळाबरोबर चालूच. आई साधा बटणांचा फोन वापरते, तिला इंटरनेट कशाला? दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना नुसत्या कॉल आणि एसेमेसचे पॅक ठेवायला लावले, पण गावच्या दुकानात कोणी आपणहून त्याचं नाव काढत नाही. मागितला तेव्हा दुकानदार म्हणाला, डेटावालाच घ्या, सगळे तोच घेतात.

ट्रायचं नाव आलंच आहे तर लोक सांगतात तो सल्लाही बघू: ट्रायकडे तक्रार कर. ट्राय ग्राहकाच्या वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. ते नियम करतात, दंड लावतात, तुमची तक्रार मात्र कंपनीकडेच जाते. मग नियम वाचून काढले. एक चांगला सापडला: नेटवर्क २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिलं तर ग्राहकाला भरपाई, पोस्टपेडला बिलात सूट आणि प्रीपेडला वैधता वाढवून. एप्रिल २०२५ पासून लागू. माझे डोळे चमकले. पुढची ओळ वाचली तर हे मोजायचं जिल्हा पातळीवर. सिंधुदुर्गात कणकवली, कुडाळ, सावंतवाडी चालू आहे तोवर देवगडच्या एका सड्यावरचा टॉवर आठवडाभर झोपला तरी नियमाच्या हिशेबात काही झालेलंच नाही. आणि आमचा टॉवर सलग २४ तास बंद तरी कुठे असतो? तो लाईटीबरोबर उठतो, लाईटीबरोबर निजतो. त्याआधी २०१५ मध्ये ट्रायने कॉल तुटला तर ग्राहकाला एक रुपया द्या असंही काढलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केलं.

कंपन्यांना आपापल्या वेबसाईटवर रेंजचा नकाशा टाकावा लागतो, तोही बघितला. आमची वाडी नकाशावर रंगवलेली आहे, अगदी ठसठशीत. विहिरीच्या खाली जिथे लाईट असतानाही कधी काडी दिसलेली नाही ती घळसुद्धा रंगात आहे.

आता त्या अर्ध्या ताऱ्याची मुलगी. काम होतं म्हणून कणकवलीला गेलो, तेव्हा कंपनीच्या दुकानात शिरलो. एसी, काचेचं दार, टोकन. पुढे एक आजोबा, त्यांना फोनवर कुठलंसं गाणं सुरू झालं होतं आणि त्याचे पैसे कापत होते. ते गाणं त्यांनी लावलेलं नव्हतं. मुलीने ते बंद करून दिलं, शिवाय नको असलेली सेवा बंद करायचा १५५२२३ हा नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दिला. माझी पाळी आली. मी डॉकेट नंबरांची यादी पुढे ठेवली. तिने संगणकात एकेक टाकून बघितला, सगळे बंद. मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाली, "दादा, १९८ वर कितीव करा, ते तशीच बंद करतले. अपिलात जावा. हो घेवा ईमेल." तिने रिचार्जच्या पत्रकाच्या मागे अपील प्राधिकाऱ्याचा ईमेल लिहून दिला. काउंटरवर तो कुठेही लावलेला नव्हता. तिने सांगितलं नसतं तर मी १९८ आणि सड्याच्या मध्ये अजून घिरट्या घालत असतो.

अपिलाचं असं आहे. तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. त्याला सल्ला द्यायला दोघांची समिती असते, त्यात एक माणूस ग्राहक संघटनेचा. निकाल देणारा मात्र कंपनीचा. मी ईमेल मराठीत लिहिला आणि त्यात एकच गोष्ट मागितली: या टॉवरच्या बॅटऱ्या कधी बदलणार ती तारीख. डॉकेट नंबर जोडले, "संपर्क क्षेत्राबाहेर असल्याने तक्रार बंद" या निरोपाचा फोटो जोडला, आणि बुरशी चढलेल्या बॅटऱ्यांचाही. उत्तर आलं की अपील दाखल झालं आहे. मग शांतता.

ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. मोबाईल कंपनीविरुद्ध तिथे जाता येतं की नाही यावर बरीच वर्षं घोळ होता, २००९ च्या एका निकालाने दार जवळपास लावूनच घेतलं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जाता येतं असं स्पष्ट केलं. पण आंब्याच्या हंगामात जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, कोण हेलपाटे घालणार? ज्यांना वेळ आहे त्यांनी जरूर जावं.

मी सोपा रस्ता घेतला: नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची. पलीकडच्या गावात दुसऱ्या कंपनीचा टॉवर आहे. त्याची आमच्या वाडीत जेमतेम दोन काड्या रेंज, पण लाईट गेली तरी त्या दोन काड्या हलत नाहीत. शेजारच्या पोराचं सिम माझ्या फोनमध्ये घालून, लाईट गेलेल्या संध्याकाळी, पडवीत बसून खात्री केली. मग इंग्रजीत पोर्ट लिहून, पुढे आपला नंबर घालून १९०० ला एसेमेस केला. हो, तोही सड्यावर जाऊनच.

आणि काय सांगू! ज्या कंपनीला हंगामभर माझा फोन लागत नव्हता, तिला तो लगेच लागला. मी अजून सड्यावरून उतरलोही नव्हतो. अस्खलित मराठीत, गोड आवाजात: "सर, आपण आम्हाला सोडून का जात आहात?" मी सांगितलं. "सर, आपल्यासाठी खास ऑफर आहे, रोज जास्तीचा डेटा." मी म्हटलं, बॅटरी बदला, डेटा नको. "सर, नेटवर्कची तक्रार असेल तर आपण १९८ वर नोंदवू शकता." मी फोन ठेवला.

पोर्टिंगचं काम मात्र ठीक होतं, यात खोट काढत नाही. कोड आला, तो चार दिवस चालतो. देवगडच्या दुकानात आधार दाखवून नवीन सिम घेतलं, शुल्क सहा रुपये शेहेचाळीस पैसे, तेही दुकानदाराने मागितलं नाही. नियमाप्रमाणे तीन कामाचे दिवस लागतात, तेवढ्यातच झालं. जुन्यातला शिल्लक रिचार्ज बुडाला, तो बुडतोच.

अपिलाचा निकाल पावसाळ्यात आला. नवीन कंपनीच्या दोन काड्यांवरच आला, इंग्रजीत. आशय असा की सदर नंबर आता आमच्या नेटवर्कवर नसल्याने या अपिलावर कार्यवाहीची आवश्यकता उरलेली नाही, अपील निकाली काढण्यात येत आहे. बॅटरीचा शब्दही नाही. आईचा नंबर अजून त्याच कंपनीत आहे, ती म्हणते माका बदलूक नको. तिच्या फोनच्या काड्या अजून लाईटीबरोबर जातात, त्यामुळे टॉवरची खबर मला घरबसल्या मिळते.

माझ्यासारख्या बागायतदारांना एवढंच: हा बदल करायचा तर हंगामात करू नका, मोहोर असतानाच उरकून घ्या. नव्वद दिवस पूर्ण झाल्याशिवाय नंबर पुन्हा दुसरीकडे नेता येत नाही, तेव्हा ज्या कंपनीत जायचं तिचं सिम आधी कोणाकडून तरी मागून घ्या आणि लाईट गेलेली असताना, घरात बसून, तपासा. लाईट असताना सगळ्याच कंपन्या चांगल्या दिसतात. नकाशा बघू नका. आणि कणकवलीत राहत असाल तर ही जुनी कंपनी बिनधास्त घ्या, तिथे मला काही त्रास झाला नाही.